सरकार पालटलं की आर्थिक धोरण पालटतं का? ब्रिटनचं उदाहरण हवंय

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. राज्यसेवेची तयारी करतेय, वैकल्पिक विषय राज्यशास्त्र. काल अभ्यासिकेत जोरदार वाद झाला. एक जण म्हणाला, दोनच मोठे पक्ष असले की आर्थिक धोरण लंबकासारखं हेलकावे खातं. एक आला की सरकारीकरण, दुसरा आला की विक्री. मैत्रीण म्हणाली, छे, उलट दोघेही काठावरच्या मतदाराच्या मागे धावतात आणि शेवटी एकसारखेच होतात. गंमत म्हणजे दोन्ही मतं एकाच पुस्तकात आहेत, तेही लागोपाठच्या पानांवर. ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात काय झालं? तिथे राहणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल. पुस्तकी उत्तर माझ्याकडे आहे.

चहाटळ
सोपं आहे. मजूर पक्ष आला की कर वाढतात, हुजूर पक्ष आला की कमी होतात. कपबशी तीच, साखर कमीजास्त. पुढचा प्रश्न?

पोलादी म्हातारा
चहाटळराव, हसलो, पण तुमचं पहिलंच वाक्य चुकलंय. मार्गारेट थॅचर बाईंचं सरकार १९७९ च्या मे महिन्यात आलं. १२ जूनला अर्थसंकल्प आला. प्राप्तिकराचा मूळ दर ३३ वरून ३० टक्के, वरचा दर ८३ वरून ६०. झाले खूश सगळे. आणि त्याच भाषणात व्हॅट ८ टक्क्यांवरून १५ वर! नवा दर सोमवार १८ तारखेपासून लागू होणार होता. मी आणि ही शनिवारी जाऊन जेवणाचं टेबल घेऊन आलो. खिशात पैसे नव्हते, उधारीवर आणलं. ते टेबल अजून आहे, त्याच्यावरच बसून हे टंकतोय. तेव्हा 'हुजूर आले की कर कमी' हे पगाराच्या चिठ्ठीवर खरं आणि दुकानात खोटं. पुढे मूळ दर २२ वरून २० वर आणला तो २००८ मध्ये मजूर पक्षाने. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा १२,५७० पौंडांवर गोठवली २०२१ मध्ये हुजूर पक्षाच्या ऋषी सुनक यांनी, आणि मजूर पक्ष आल्यावरही ती गोठलेलीच राहिली. पगार वाढतो, मर्यादा वाढत नाही, म्हणजे न बोलता करवाढ. दोघांनाही सोयीची.

आता कृष्णाकाठचीला. पोरी, मी कराडचा, म्हणजे तुझ्याच काठाचा. पुण्यात मेटलर्जी शिकलो आणि १९७४ च्या जानेवारीत दक्षिण वेल्समध्ये एका पोलाद कारखान्याच्या प्रयोगशाळेत रुजू झालो. आलो तेव्हा इथे 'तीन दिवसांचा आठवडा' चालू होता. खाणकामगारांशी सरकारचं बिनसलेलं, कोळसा वाचवायचा म्हणून कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज. टीव्ही रात्री साडेदहाला बंद. वडिलांना पहिल्या पत्रात लिहिलं, "इथेही वीजकपात आहे, काळजी नसावी."

लंबक पाहायचा तर पोलादातच पाहा. आमच्या खात्यात एक म्हातारा फोरमन होता, महायुद्धाच्या आधी लागलेला. त्याने मला पहिल्याच आठवड्यात फाटकावरची पाटी दाखवली. म्हणाला, ही पाटी मी रंगवताना किती वेळा पाहिली विचार. अ‍ॅटली यांच्या मजूर सरकारने १९४९ मध्ये कायदा केला आणि १५ फेब्रुवारी १९५१ ला पोलाद धंदा ताब्यात घेतला. आठ महिन्यांत निवडणूक. चर्चिल परत आले आणि १९५३ च्या कायद्याने विक्री सुरू. एका झटक्यात झाली नाही हं, वर्षानुवर्षं चालली. रिचर्ड थॉमस अँड बाल्डविन्स नावाची मोठी कंपनी तर शेवटपर्यंत विकलीच गेली नाही, हुजूर राज्यातही सरकारच्याच पदरात राहिली. मग १९६४ मध्ये मजूर पक्ष आला, पण बहुमत किती? चारचं. त्यांच्याच दोन खासदारांनी पोलादाच्या सरकारीकरणाला विरोध केला आणि गाडं अडलं. १९६६ मध्ये भरघोस बहुमत मिळालं, तेव्हा कुठे १९६७ मध्ये चौदा कंपन्या एकत्र करून ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशन झालं. १९८८ मध्ये थॅचर बाईंनी ते विकलं. म्हणजे सदतीस वर्षांत चार वेळा. तुझा मित्र बरोबर, नाही का?

थांब. मी आत होतो त्या काळाचं सांगतो.

मी आलो तेव्हा फाटकावर सरकारी पाटी होती. पण पोलाद उत्पादन मोठ्ठं वाढवायची दहा वर्षांची योजना कुणी आणली होती? हीथ यांच्या हुजूर सरकारने, १९७३ मध्ये. हेच हीथ १९७० मध्ये 'बुडत्या उद्योगांना हात देणार नाही' अशा थाटात निवडून आले होते आणि काही महिन्यांतच, १९७१ च्या फेब्रुवारीत, रोल्स-रॉइस बुडायला लागल्यावर ती कंपनी त्यांनी सरकारजमा केली. विमानांची इंजिनं तिथे बनत. बुडू देणार कशी?

आणि कारखाने बंद करायला सुरुवात थॅचर बाईंनी केली असं इथे नव्या पिढीला वाटतं. कार्डिफचा ईस्ट मूर्स बंद झाला १९७८ मध्ये. एब्बू व्हेलमधलं पोलाद ओतणंही १९७८ मध्येच थांबलं. तेव्हा पंतप्रधान मजूर पक्षाचे जेम्स कॅलाहन, आणि ते खासदारही कार्डिफचेच. एब्बू व्हेलचे खासदार मायकेल फूट, मजूर पक्षाची डावी बाजू म्हणजे तेच! ज्यांच्या मतदारसंघाची चूल पेटायची त्यांच्याच राज्यात भट्टी विझली.

खरं वळण मी सांगतो कधी आलं. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये. पौंड घसरत होता. अर्थमंत्री डेनिस हीली परदेशी बैठकीला निघाले होते, ते हीथ्रो विमानतळावरूनच मागे फिरले. त्याच दिवशी ब्लॅकपूलला पक्षाच्या अधिवेशनात कॅलाहन यांनी आपल्याच लोकांना सुनावलं की सरकारी खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडायचे दिवस संपले. मग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज, त्याच्या अटी, खर्चात कपात. आमच्या कँटीनमध्ये चिडीचूप. ज्यांना घोषणा ठाऊक होत्या त्यांना त्या देता येईनात, कारण समोर आपलंच सरकार. थॅचर बाई यायला अजून अडीच वर्षं होती. बाईंनी मग त्या वाटेवर गाडी भरधाव सोडली हे खरं, पण वळण हीलींनी घेतलं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं. सरकार पालटलं त्या तारखेवर बोट ठेवून धोरण शोधू नकोस. एका पक्षाने काय केलं हे अर्धंच. दुसरा पक्ष सत्तेवर येऊन ते मोडतो की मुकाट्याने चालवतो, ते बघ. १९९७ मध्ये मजूर पक्षाचे टोनी ब्लेअर आले. विकलेलं पोलाद परत घेतलं? नाही. गॅस, पाणी, टेलिफोन? नाही. उद्योगांच्या 'सामाईक मालकी'चं कलम तर त्यांनी १९९५ मध्येच पक्षाच्या घटनेतून काढून टाकलं होतं. विकलेल्या कंपन्यांवर एकदाच जादा कर बसवला, सुमारे ५.२ अब्ज पौंड, आणि विषय मिटवला. त्यांचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी तर आधीच्या हुजूर सरकारने आखलेल्या खर्चाच्या मर्यादा पहिली दोन वर्षं तशाच पाळल्या. थॅचर बाईंचं धोरण देशाचं धोरण झालं ते १९७९ मध्ये नाही, त्या वेळी.

उलट दिशेनेही तेच. किमान वेतन मजूर पक्षाने १९९९ च्या एप्रिलमध्ये आणलं, तासाला ३ पौंड ६० पेन्स. हुजूर पक्षाचा विरोध होता, नोकऱ्या जातील म्हणत. २०१५ मध्ये त्याच हुजूर पक्षाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न संसदेत उभे राहून किमान वेतन वाढवून त्याला नवं नाव देत होते. मी टीव्हीसमोर मोठ्याने हसलो, ही आतून म्हणाली, काय झालं?

आता मतांचं गणित, कारण परीक्षेत उपयोगी पडेल. इथे आपल्यासारखंच आहे, मतदारसंघात जो पुढे तो जिंकला. त्यामुळे देशाने कौल किती दिला आणि पक्षाला बळ किती मिळालं यांचा मेळ असतोच असं नाही. १९५१ मध्ये मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मतं होती, तरी सत्ता गेली आणि पोलाद विकायला निघालं. १९८३ मध्ये थॅचर बाईंची मतं ४३.९ टक्क्यांवरून ४२.४ वर घसरली आणि बहुमत मात्र वाढून १४४ झालं! कारण विरोधक फुटले. मजूर पक्ष २७.६, आणि लिबरल व मजूर पक्षातून फुटलेले सोशल डेमोक्रॅट यांची आघाडी २५.४. टेलिफोन, गॅस, विमान, पोलाद या मोठ्या विक्र्या १९८३ नंतरच्या आहेत. लोक त्या बाजूला झुकले म्हणून नव्हे, दुसरी बाजू दुभंगली म्हणून वाट मोकळी झाली. २०२४ मध्येही मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. 'दोनच पक्ष' हे संसदेच्या बाकांवर दिसतं. मतपेटीत केव्हापासून तसं राहिलेलं नाही.

लांबलं. म्हातारपणी लांबतं.

हिशेबनीस, लेस्टर
काका, सुंदर प्रतिसाद. पण एक शंका आहे. तुम्ही पक्षाने पक्षाला अडवलं किंवा मान्य केलं असं सांगताय. २०२२ मध्ये विरोधी पक्षाने काहीच केलं नव्हतं.

२३ सप्टेंबरला हुजूर सरकारचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी तो 'मिनी बजेट' आणला. ४५ टक्क्यांचा वरचा कर रद्द, कंपनी कर १९ वरून २५ वर जाणार होता तो जाणार नाही, आणि पैसा कर्ज काढून. मी हिशेबनीस आहे, ऑफिसात भाषण ऐकत असतानाच क्लायंटचे फोन सुरू झाले. आमचं पहिलं घर ठरत होतं. गृहकर्जाची ऑफर तोंडी मिळाली होती, कागद सोमवारी यायचे होते. सोमवारी कागद नाही, फोन आला, "ती योजना बंद केली आहे." दोन आठवड्यांत दोन वर्षांचा स्थिर दर सरासरी सहा टक्क्यांच्या वर गेला. आम्ही ते घर सोडलं.

२८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घ्यायला बाजारात उतरावं लागलं. ३ ऑक्टोबरला ४५ टक्क्यांचा निर्णय मागे. १७ ला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जवळजवळ सगळंच पुसून टाकलं. २० ला पंतप्रधान लिझ ट्रस यांचा राजीनामा. पक्ष तोच, संसद तीच, बहुमतही तेच. मग धोरण ठरवतं कोण? रोखे बाजार, म्हणजे सरकारला कर्ज देणारे, असं मी म्हणेन. दोन पक्ष ही नुसती रंगभूमी.

गुहागरकर
ताई, रंगभूमीवरून आठवलं. विषय राष्ट्रीय धोरणाचा नाही, पण आमच्या दाभोळचं एन्रॉन आठवा. १९९३ मध्ये काँग्रेस सरकारने वीजखरेदीचा करार केला. १९९५ मध्ये युतीवाले एन्रॉन समुद्रात बुडवतो म्हणत आले, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. आणि १९९६ च्या जानेवारीत वाटाघाटी करून प्रकल्प परत उभा! आमच्या आजोबांना कळेना की विरोध करायचा तर आता कुणाकडे जायचं. काकांचा फोरमन आमच्याकडे असता तर पाटी रंगवायचा ठेका त्यालाच मिळाला असता.

पोलादी म्हातारा
गुहागरकर, तुमच्या आजोबांचं वाक्य आमच्या कँटीनमधलं आहे हो. अगदी तेच.

हिशेबनीसबाई, घर गेलं हे वाचून वाईट वाटलं. तुमचं अर्धं मान्य. बाजार हात धरून थांबवतो, १९७६ मध्येही त्यानेच थांबवलं. पण काय करायचं ते तो सांगत नाही. त्याला खड्डा बुजलेला हवा असतो. वरच्यांचा कर वाढवून बुजवा नाहीतर शाळांचा खर्च कापून बुजवा, रोख्यांना फरक पडत नाही. लोकांना पडतो. तिथे पक्ष उरतातच. आणि ४५ टक्क्यांचंच बघा. ५० चा दर ब्राउन यांनी २०१० मध्ये आणला, ऑस्बर्न यांनी २०१३ मध्ये ४५ केला. थॅचर बाईंनी १९८८ मध्ये ठेवलेल्या ४० वर मात्र दोघांपैकी कुणी परत गेलं नाही. जो गेला, त्याचं काय झालं ते तुम्हीच लिहिलंय.

कृष्णाकाठची
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काका, एकच विचारते. पोलाद चार वेळा फिरलं, मग आरोग्यसेवा का नाही फिरली? तीही त्याच अ‍ॅटलींच्या सरकारने आणली ना? आणि हुजूर पक्षाने तिच्या विरोधात मत दिलं होतं असं वाचलंय.

पोलादी म्हातारा
दिलं होतं, १९४६ मध्ये. सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. चर्चिल परत आले तोवर तीन वर्षं लोकांनी फुकट चष्मे आणि दातांच्या कवळ्या घेतल्या होत्या. हुजूर सरकारने १९५३ मध्ये गिलेबॉड समिती नेमली, उधळपट्टी शोधायला. १९५६ मध्ये समितीने सांगितलं, उधळपट्टी नाही. विषय संपला. पोलादाची कवळी कुणाच्या तोंडात नव्हती ना. कारखाना सरकारचा की शेठचा, याने आमच्या गल्लीतल्या बाईला काय फरक पडत होता? तिला नवऱ्याचा पगार हवा. म्हणून त्याच्याशी खेळणं दोघांनाही परवडलं. त्याची किंमत मात्र धंद्याने मोजली. जुने लोक सांगत, १९५३ ते ६७ मध्ये मालकांची नवी भट्टी उभारायची छाती होत नव्हती, कारण ती उद्या कुणाची असेल याचा भरवसा नव्हता.

थॅचर बाईंनी हे नीट ओळखलं होतं. विकलं ते अशा लोकांना की त्यांच्याकडून परत घ्यायला जाणाऱ्याने मतं गमवावी. १९८० च्या कायद्याने नगरपालिकेच्या घरातल्या भाडेकरूंना ते घर सवलतीत विकत मिळू लागलं, किमान तेहतीस टक्के सूट. आमचा शेजारी झोतभट्टीवर (लोखंड वितळवायची मोठी भट्टी) होता, पक्का युनियनवाला. १९८० च्या जानेवारीत तेरा आठवड्यांचा संप झाला तेव्हा फाटकावर शेकोटी करून बसायचा. ही त्याच्यासाठी डब्यात पुरी-भाजी द्यायची. 'ते पिवळं बटाट्याचं' म्हणून मागून घ्यायचा. त्याने घर विकत घेतलं. दाराला आधी नवा रंग दिला, शेजारच्या सगळ्या दारांहून वेगळा. १९८६ मध्ये ब्रिटिश गॅसचे शेअर निघाले, १३५ पेन्सला एक, पहिला हप्ता ५०. मी अर्ज भरत होतो तर हा कुंपणावरून हळूच विचारतो, "हा फॉर्म कसा भरतात रे?" दोघांनी मिळून भरला. मत तो मजूर पक्षालाच देत राहिला मरेपर्यंत. पण घर आणि शेअर परत घेऊ म्हणणाऱ्या मजूर पक्षाला दिलं असतं का? मला शंका आहे. पक्षालाही ती शंका आली असणार.

शेवटचं सांगतो. २००७ मध्ये टाटांनी कोरस घेतली, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्टीलचा वारस. कराडहून भावाचा फोन, "दादा, तुमचा कारखाना आता आपल्या मुंबईचा झाला." मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर, काय बोलणार. ३० सप्टेंबर २०२४ ला पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी विझली. विजेच्या भट्टीसाठी ५० कोटी पौंड द्यायचं आधीच्या हुजूर सरकारने ठरवलं होतं. मजूर सरकार आलं, त्याने रक्कम तीच ठेवली.

आणि १२ एप्रिल २०२५, शनिवार. सुट्टी मोडून संसद बोलावली. तिकडे स्कन्थॉर्पला चिनी मालकाच्या ताब्यातल्या देशातल्या शेवटच्या दोन झोतभट्ट्या थंड पडायची वेळ आली होती. त्या एकदा गोठल्या की परत पेटवणं महाकठीण, आतला लोखंडाचा गोळा घट्ट बसतो, मी पाहिलंय. सरकारला कारखाना चालवायचे हुकूम देता यावेत म्हणून एका दिवसात कायदा झाला. हुजूर पक्षाने टीका भरपूर केली, उशीर केला म्हणून. पण खालच्या सभागृहात मतदान घ्यावंच लागलं नाही. मी नातवाला म्हटलं, बघ, पाटी परत रंगवायला काढली. तो म्हणाला, कुठली पाटी, आजोबा?